कचऱ्याच्या वाढीचा तक्ता

पर्यावरण हा विषय रेणुकाने निवडला तो पृथ्वीच्या काळजीपोटी नव्हे. त्याची पुस्तकं पातळ होती म्हणून. घरबसल्या पदवी देणाऱ्या विद्यापीठाची पुस्तकं तिनं अभ्यासकेंद्रावर जाऊन हाताने तोलून पाहिली होती. इतिहासाची उशीएवढी, अर्थशास्त्रात आकडे, आणि इंग्रजी साहित्य म्हटलं तर त्यात सगळं इंग्रजीच. पर्यावरणात आपलं झाड, पाणी, माती, वारा. ही मंडळी हिवरखांबात तिच्या दाराशी रोजचीच. त्यांचा आणखी अभ्यास तो काय करायचा, असं तिला वाटलं. शिकायला निघालेल्या माणसाला असं काहीबाही वाटतंच.

पण पदवी तिला हवी होती, आणि याच वर्षी हवी होती. रेणुका अंगणवाडी सेविका. वीस वर्षांत गावाची लेकरं तिच्या वजनकाट्याच्या झोळीत लोंबकळून, रडून, ओलं करून मोठी झाली. सेविकेला पर्यवेक्षिका व्हायचं तर पदवी लागते, शिवाय वयाची अट असते. आणि रेणुकाचं वय त्या अटीच्या उंबऱ्यावर येऊन चपला शोधत होतं. हे वर्ष चुकलं की पुढं जन्मभर खिचडीच. म्हणून तिनं खिचडी ढवळता ढवळता ओझोनचा थर वाचला, धूर डोळ्यांत जात असताना हवेचं प्रदूषण पाठ केलं, आणि सगळे पेपर पार केले. उरला होता फक्त शंभर गुणांचा प्रकल्प.

तालुक्याच्या अभ्यासकेंद्रावर शेखर सर मार्गदर्शक होते. मार्गदर्शन ते खुर्चीत मागे रेलून करत.

"मॅडम, लोणार सरोवर घ्या. सगळे तेच घेतात. समोरच्या झेरॉक्सवर तयार मिळते. नाव तेवढं आपलं टाकायचं."

रेणुकाने तो तयार प्रकल्प पाहिला. गेली अकरा वर्षं त्यातलं पाणी जागचं हललं नव्हतं. त्यातली बदकंही अकरा वर्षं त्याच काठावर, तेवढीच एकशे बेचाळीस. ना एक मेलं, ना एकानं अंडं घातलं.

"सर, मी सोताच करीन म्हणते."

"काय करसान?"

"बारा घरांचा कचरा. एकवीस दिवस. रोज वजन."

शेखर सरांनी तिच्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. "करा बापा. पण मग ग्रामपंचायतीचं प्रमाणपत्र लागते. अभ्यास खरंच झाला म्हणून."

"सरोवरवाल्यायले लागते का?"

"त्यायले काऊन लागन? त्यायनं कुठं केला अभ्यास?"

या उत्तरातलं शहाणपण समजायला रेणुकाला पुढे महिना लागला.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. प्रेमानंद बीबी गावच्या कृषिकेंद्रात कामाला. दिवसभर लोकांना फवारणीची औषधं विकायची आणि संध्याकाळी बायकोकडून त्याच औषधांचे दुष्परिणाम ऐकायचे, असं दोन वर्षं चाललेलं. तो म्हणाला, "दुनियेच्या बायका सोनं तोलतात. माह्या नशिबी कचरा तोलणारी आली."

"तुमच्या नशिबी सोनं होतं कुठं तोलाले?" रेणुका म्हणाली, आणि विषय संपला.

काटा घरात होता. अंगणवाडीतला जुना, गोल तबकडीचा, झोळीचा. नवा आल्यावर 'निकामी' शेरा मारून बाजूला ठेवलेला. पण निकामी वस्तू फेकायला जी परवानगी लागते ती सहा वर्षं आली नव्हती, म्हणून सांभाळायला रेणुकाकडे. तिनं तो ओसरीच्या आढ्याला टांगला. प्रश्न राहिला आलेखाचा. पुस्तकात लिहिलं होतं, निरीक्षणं आलेखावर मांडा. आलेखाचा कागद गावात मिळेना. तेव्हा तिला आठवलं, की जुन्या नमुन्याचे 'वाढीचे तक्ते' ट्रंकेत गठ्ठ्यानं पडलेत. छापील चौकटी, आडव्या-उभ्या रेघा, सगळं तयार. खाली बाळाचं वय महिन्यांत. तिथं तिनं दिवस धरले. बाजूला वजन किलोत. एका किलोला तिनं शंभर ग्रॅम कचरा धरला. मधे तीन पट्टे वर वर चढत गेलेले: सगळ्यात वर हिरवा, मग पिवळा, तळाशी लाल. बारा घरांचे बारा तक्ते तिनं ओसरीच्या भिंतीला ओळीनं लावले. बारशाच्या घरासारखी भिंत सजली.

इथंच तिचं चुकलं. आणि ही चूक तिच्यावाचून दुसरं कुणी करूच शकलं नसतं.

कारण हिवरखांबातल्या बाईला सातबारा वाचता येणार नाही कदाचित, पण वाढीचा तक्ता येतो. वीस वर्षं रेणुकानेच शिकवलं होतं, दारोदार जाऊन, पदर खोचून: हिरव्यात आहे तर लेकरू झकास. पिवळ्यात गेलं तर आईनं जागं व्हावं. लालमध्ये गेलं तर घराची अब्रू गेली. मग गृहभेट, मग वहीत नाव, मग सासूचे टोमणे. गावाला ते इतकं पाठ होतं, की भांडणात एकमेकींना "लाल पट्ट्यातली" म्हणायच्या.

पहिले चार दिवस बरे गेले. बायका सकाळी कचऱ्याची पिशवी घेऊन येत, रेणुका झोळीत टाकी, काटा पाही, शाईनं टिंब देई. सुका कचरा घराघराच्या पोत्यात, ओला परसातल्या खड्ड्यात. शेजारची गोजरबाई ओट्यावर बसून हे पाही. म्हातारीला चार ओळी जुळवल्याशिवाय चहा पचत नसे. तिनं गळा काढला:

रेणुकेच्या दारी । काटा टांगला ग बाई
लेकराच्या झोळीमंदी । कांद्याची ग साल जाई

आतापर्यंत पिशवी दुसऱ्याहाती धाडणारी सिंधूताई पाचव्या दिवशी स्वतः आली. सिंधूताईचा नवरा सहदेव वीज खात्यातून निवृत्त झालेला लाइनमन. घर नीटनेटकं; मुलगा प्रशांत शिकायला बाहेरगावी, घरात दोघंच माणसं. सिंधूताई दोडक्याच्या शिरांची चटणी करी, भाताचं पाणी भाजीत घाली, भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घाली, आणि फाटक्या लुगड्याची आधी गोधडी, मग पायपुसणं, मग भांडं उतरवायची चिंधी करी. त्या चिंधीलाही मरण लवकर नसे. तिच्या घरचा कचरा रोजचा नव्वद ग्रॅम. तिनं भिंतीवर पाहिलं आणि पिशवी हातातच राहिली.

"काय व रेणुका, आमचं घर लालमधी?"

"ताई, त्याचं काही मनावर घेऊ नका. याच्यात कमी म्हणजे चांगलं."

"कमी म्हणजे चांगलं? माह्या प्रशांतले कमी होतं तवा तू तीन डाव घरी येऊन मले वरडली."

"ते लेकरू होतं, हा कचरा हाये."

"मंग लाल काऊन हाये?"

याचं उत्तर पदवीच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. सिंधूताई पदर तोंडाला लावून घरी गेली. तासाभरानं सहदेव आला. खात्यात असताना खांबावर चढायचा तसा तो ओसरीच्या पायऱ्या चढला.

"रेणुकाबाई, तीस वर्सं नोकरी केली म्या. आमच्या घरचा कचरा कुपोषित हाये म्हणून गावात गोष्ट झाली पाहिजे, हे आइकाले?"

"भाऊ, तसं नाही..."

"आमी खात नाही का? आमच्या घरी काही येत नाही का? उद्या पाह्यजा तुम्ही."

तक्ता बदलावा, असं रेणुकाच्या मनात आलं. पण शाईनं भरलेला सरकारी कागद खोडायचा नाही, ही तिची वीस वर्षांची शिस्त. माणसाला सवयी सोडवत नाहीत. त्यांना मग तत्त्व म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी सहदेवच्या पिशवीत होतं: चिवड्याची चार पाकिटं, मिठाईचा डबा, थर्माकोलच्या सहा पत्रावळ्या, सफरचंदाच्या साली आणि एक अख्खी तुटकी चप्पल. वजन एक किलो शंभर. टिंब हिरव्याच्याही वर गेलं. सहदेवनं चष्मा लावून ते पाहिलं, आणि मिशीवरून हात फिरवत शेजारच्या तक्त्याकडे नजर टाकली. तो तक्ता पिवळ्यात होता.

झालं. गल्लीला वारं लागलं.

त्यात त्या तक्त्याचा स्वभावच तसा. बाळ महिन्यागणिक वाढलं पाहिजे, म्हणून पट्टे वर वर चढत जातात. म्हणजे एखाद्या घराचा कचरा इमानदारीनं रोज तेवढाच राहिला, तरी पाचव्या दिवशी हिरव्यात असलेलं घर पंधराव्या दिवशी आपोआप लालमध्ये घसरणार. टिकायचं तर वाढलंच पाहिजे. हे कळल्यावर बायकांनी कंबर कसली. कुणी पिशवीत कालचं ओलं फडकं टाकलं, कुणी केरात मूठ मूठ माती मिसळली. जिच्या घरी चार वर्षांत पाहुणा नव्हता ती बदामाची टरफलं घेऊन आली आणि ती वरच दिसतील अशी ठेवून पिशवी उघडी धरली. कोपऱ्यावरच्या दुकानात थर्माकोलच्या पत्रावळ्या संपल्या; दुकानदार सुलतानपूरहून आणखी घेऊन आला. एक दिवस दोघींची जुंपली. एक म्हणे, "माह्या उकिरड्यातले मक्याचे बुरकुंडे तूच नेले," आणि दुसरी म्हणे, "तुह्या घरी मका शिजला कधी?" रेणुका मधे पडली तर दोघी तिच्यावर उलटल्या. गोजरबाईनं ओट्यावरून सूर लावला:

उकिरड्याच्या तान्ह्याचं । बारसं करू ग बाया
शिकलेली आई त्याची । चला पाळणा ग गाया

एकविसावा दिवस आला तेव्हा परसातला खड्डा भरून वर शीग आली होती, बारा घरांची एकतीस पोती भिंतीला टेकून उभी होती, आणि प्रेमानंद नाकाला गमछा बांधून जेवत होता. "रेणुका," तो गमछ्यातून म्हणाला, "तू पर्यावरण शिकली नसती तर पर्यावरण बरं राह्यलं असतं." रेणुकाला राग आला. राग यायचं कारण हे, की दुपारपासून तिच्याही मनात तेच चाललेलं.

सोमवारी ती प्रमाणपत्रासाठी ग्रामपंचायतीत गेली. प्रकल्प जमा करायची शेवटची तारीख शुक्रवार. ग्रामसेवक भगवानराव कागद वाचू लागले आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"ताई, हे काय लिहिलं? 'हिवरखांब येथील घनकचरा'?"

"हाव."

"हिवरखांबात कचरा नाही."

"सायेब, माह्या परसात एकतीस पोते हायेत."

"असतीन. पण गाव कचरामुक्त हाये. मागच्या वर्षी ठराव झाला, वर पाठवला, फोटो निघाले. आता जिल्ह्याच्या बक्षिसाले नाव गेलं. गुरुवारी समिती येऊन राह्यली. अन् मी तुम्हाले शिक्का मारून देऊ, कचरा हाये म्हणून?"

"मंग तुम्ही असं लिहा, की अभ्यास झाला, कचरा किती ते लिहू नका."

भगवानरावांनी विचार केला. ते दुष्ट नव्हते. त्यांना फक्त नोकरी होती. "एक करता येते. 'एकवीस दिवस अभ्यास केला, कचरा आढळला नाही,' असं देतो. शून्य किलो. तुमचंही काम होते, माहंही."

"शून्य किलो अन् प्रकल्प शंभर पानांचा?"

"नाहीतर कचरा बाहेरगावचा हाये असं दाखवा."

बाहेरगावचा कचरा आपण होऊन परसात आणून ठेवणारी बाई, म्हणून रेणुकाची विद्यापीठात नोंद व्हायची होती. ती उठली. भगवानरावांनी मागून हाक मारली, "अन् ताई, ते पोते बुधवारपरेंत हलवा. समितीले दिसले तर माही मान जाईन."

"हलवू कुठं? घंटागाडी पाठवा."

"घंटागाडी हाये ना," भगवानराव म्हणाले, आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. फोटोत घंटागाडी खरंच होती. हार घातलेली.

मंगळवारी रेणुका रडली. खोटं कशाला सांगा. परसात, पोत्यांच्या आड, कुणाला दिसू नये म्हणून तोंडात पदर कोंबून रडली. झेरॉक्सवरचं सरोवर अजून मिळत होतं. नाव टाकायचं, शुक्रवारी द्यायचं, पदवी घ्यायची, अर्ज भरायचा. तिनं प्रेमानंदला सांगितलं, "उद्या येता येता ते सरोवर घेऊन या." प्रेमानंदनं तिच्याकडे पाहिलं. थट्टा करायची एवढी आयती संधी त्याला संसारात मिळाली नव्हती; पण त्यानं केली नाही. म्हणाला, "आणतो. पण ते बदकं मले काही पटत नाही, पाह्य." आणि बुधवारी तो रिकाम्या हातानं आला. विसरलो म्हणाला.

गुरुवारी अकराला समितीची गाडी आली. तीन साहेब, एक फाईल. गाव झाडूनपुसून लख्ख केलेलं. शेवटी समिती कचरा वर्गीकरणाच्या शेडपाशी आली. शेड मागच्या वर्षीच बांधलेलं. कालपर्यंत त्यात गावातल्या एका वजनदार माणसाचं सोयाबीन होतं. रात्रीतून पोती हलवून चुना मारलेला. ओला, सुका, अशा पाट्या नव्या रंगानं ओल्या.

मोठे साहेब आत फिरले. "भगवानराव, शेड झकास. पण कचरा कुठं हाये?"

"सायेब, गाव कचरामुक्त हाये."

"ते आलं ध्यानात. पण कचरामुक्त झालं कसं? वर्गीकरण करूनच ना? त्याले वीस मार्क हायेत. वर्गीकरण केलेला कचरा दाखवा, रोजची वजनाची नोंद दाखवा."

"सायेब, कचराच नाही तर..."

"कचरा नाही तर मार्क कशाचे देऊ?"

भगवानरावांच्या कपाळावर जो घाम आला तो फाल्गुनाचा नव्हता. साहेबांसमोर चहा ठेवून, 'नोंदवही आणतो' म्हणून ते निघाले ते धावतच रेणुकाच्या ओसरीवर चढले.

"ताई, कचरा द्या."

रेणुका लेकरांची हजेरी भरून नुकती घरी आली होती. तिला वाटलं, माणसाला ऊन लागलं. "कोणता कचरा? हिवरखांबात कचरा नाही."

"ताई, थट्टा नका करू. वीस मार्क हायेत. पोते द्या, तो तक्ता द्या, वही द्या."

"प्रमाणपत्र?"

"देतो की संध्याकाळी."

"संध्याकाळी कचरा बी देते."

भगवानरावांनी तिच्याकडे पाहिलं. वीस वर्षं खालच्या मानेनं खिचडीच्या पावत्यांवर सह्या घेऊन जाणारी बाई ती हीच का, हे त्यांना ओळखू येईना. शिक्का त्यांच्या खिशातच असे. दाराशी उभ्या असलेल्या सहदेवच्या मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी सही केली: 'सदर अभ्यास हिवरखांब येथे प्रत्यक्ष झाला असून कचरा विपुल प्रमाणात आढळला.' 'विपुल' हा शब्द त्यांनी स्वखुशीनं घातला. शिक्का नीट उठला नाही, म्हणून दुसऱ्यांदा मारला.

मग सारी गल्ली निघाली. जो तो आपापल्या घरचं पोतं उचली, दुसऱ्याला हात लावू देईना. सहदेव सगळ्यांच्या पुढं, डोक्यावर चिवड्याची पाकिटं घेऊन. शेडमध्ये ओळी लागल्या. घराचं नाव, दिवस, वजन, ओला-सुका, सगळं रेणुकाच्या वळणदार अक्षरात. समिती थक्क झाली. मोठ्या साहेबांनी भिंतीवर नव्यानं लावलेल्या बारा तक्त्यांसमोर उभं राहून चष्मा पुसला.

"ही रेघ वर चालली ती काय?"

"सायेब, प्रगती," भगवानराव म्हणाले.

साहेबांनी फाईलमध्ये लिहिलं: 'कचऱ्याची वाढ समाधानकारक.'

शुक्रवारी प्रकल्प जमा झाला. पंधरा दिवसांनी तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकबाई सकाळपासून एकशे बेचाळीस बदकं ऐकून दमल्या होत्या. त्यांनी रेणुकाची वही उघडली आणि बराच वेळ मिटली नाही.

"निष्कर्ष सांगा."

रेणुकाने तयार केलेलं सगळं विसरून खरं तेच सांगितलं. "मॅडम, अभ्यास चालू केला तवा गल्लीचा कचरा दिवसाले सहा किलो होता. संपला तवा एकोणीस. मधात नवीन काही झालं नाही, अभ्यासच झाला."

"म्हणजे?"

"म्हणजे एका घरी नव्वद ग्रॅमच निघत होता. त्या बाईच्या पायाशी बसून मी शिकाले पाहिजे होतं. मी तिच्या नावाचं टिंब लालमधी देलं."

परीक्षकबाईंनी वही मिटली. शेखर सर खोकले. रेणुकाला शंभरातले बावन्न मिळाले, सरोवराला अठ्ठ्याहत्तर. सरोवराची बांधणी चांगली होती. पण बावन्नातही माणूस पास होतं. पदवी आली, अर्ज गेला, वयाच्या अटीला एकोणीस दिवस राहिले असताना तो स्वीकारला गेला, परीक्षा झाली, आणि पुढल्या वर्षी रेणुका पर्यवेक्षिका झाली. हिवरखांबालाही बक्षीस मिळालं. पोती शेडमध्येच राहिली. बक्षीस मिळालेला कचरा हलवायला ठराव लागतो.

रुजू झाल्यावर रेणुकाने पहिली बैठक घेतली ती बीबीकडच्या चाळीस सेविकांची. नवी साडी, नवी खुर्ची, टेबलावर पाण्याचा पेला. वरून एक परिपत्रक आलं होतं, ते तिला वाचून दाखवायचं होतं. तिनं लिफाफा तिथंच फोडला. एका आदर्श गावातील यशस्वी प्रयोग विचारात घेता, यापुढे प्रत्येक अंगणवाडी सेविकेने लेकरांच्या वजनाबरोबर दर महिन्याला घरोघरच्या कचऱ्याचेही वजन घ्यावे, ते वाढीच्या तक्त्यावर भरावे, आणि लाल पट्ट्यातील घरांना गृहभेट द्यावी. शेवटची ओळ तिनं दोनदा वाचली.

चाळीस तोंडं एकदम सुटली. जानेफळकडून बदलून आलेली एक धिप्पाड सेविका, योगिनी तिचं नाव, उभीच राहिली. "मॅडम, लेकरायचं वजन, गरोदर बाईचं वजन, खिचडीचं वजन, अन् आता हे? कोण्या मेलीच्या डोक्यातून निघालं हे? तिले एकदा माह्यासमोर आणा."

रेणुकाने परिपत्रकाची घडी घातली. पाण्याचा एक घोट घेतला. चाळीस जणी तिच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"वरून आलं, बाई," ती म्हणाली. "लिहून घ्या."